जिमखान्याच्या सरांची मुलगी

अकरा वाजून गेले. भांडी सिंकमध्ये तशीच पडलीत. मार्च अर्धा सरला तरी खिडकीबाहेर बर्फ भुरभुरतोय, अमेरिकेतल्या ह्या सिरॅक्यूझला त्याची लाज म्हणून नाही. सकाळपासून एका फोटोने डोकं खाल्लंय, म्हणून ही वही काढली.

फोटो कॉलेजच्या ग्रुपवर आला. 1994, कोल्हापूर, बास्केटबॉलच्या इंटरझोनलची फिरती ढाल. मधे ढाल, तिच्या मागेपुढे आम्ही दहाजणी तेल चोपडून वेण्या घातलेल्या, एका टोकाला सर, मुठीत शिट्टी. दुसऱ्या टोकाला मी. सर आणि मी यांच्यामध्ये अख्खी टीम. तेव्हा मुद्दाम तशी उभी राहिले की आपसूक झालं, आठवत नाही. (मुद्दाम राहिले होते.)

खाली कुणीतरी विचारलं, ‘ही कडेची कोण?’ लगेच उत्तर, ‘सरांची मुलगी.’ नाव नाही, नंबर नाही. मग तिसरा एक, ज्याने जन्मात बॉलला हात लावला नसेल, ‘तिला टीमबाहेर कोण ठेवणार होतं!’ आणि पुढे ती हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली पिवळी तोंडं. तीन.

एकावन्न वर्षांची बाई मी, आणि दुपारच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून उत्तर लिहीत होते. चारदा लिहिलं, चारदा खोडलं. लिहिणार काय? की बाबा रे, सरांनीच ठेवलं होतं बाहेर? ह्याच फायनलला, दोन मिनिटं उरलेली, आम्ही एका पॉइंटने पुढे, आणि सर ओरडले, ‘अकरा बाहेर, नऊ आत!’ अकरा म्हणजे मी. ढाल जिंकली तेव्हा मी बेंचवर टॉवेल गळ्यात टाकून बसले होते. फोटोत बाकीच्या चौघींचा घाम ओघळतोय, माझा वाळलाय. झूम केलं की दिसतं. मी केलं.

कोर्ट जिमखान्यामागे होतं, सिमेंटचं, दर सोमवारी फक्की टाकून रेषा आखायच्या. तिथे बाबांना ‘बाबा’ म्हणायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, पण ‘सर’ म्हणताना जीभ वळायची नाही. मग चार वर्षं मी त्यांना कुठलीच हाक मारली नाही. आजी आजोबांना बोलवायची तसं, ‘ऐकलंत का’च्या चालीवर, संबोधनाशिवाय वाक्य सुरू करायचं. कुणी उशिरा आलं की तिला पाच राउंड, मला दहा. आणि मी कपडे बदलायच्या खोलीत शिरले की आतला हशा बंद. नऊ नंबर सरांची नक्कल झकास करायची म्हणे, शिट्टीसकट. चार वर्षांत सगळ्यांनी बघितली. मी सोडून.

हे सिरॅक्यूझ नसतं तर विसरलेही असते कदाचित. पण इथे जिम बोहाइम म्हणजे ग्रामदैवत. 1976 पासून 2023 पर्यंत इथल्याच कॉलेजचा बास्केटबॉल कोच, 47 हंगाम, बचावाची तीच टू-थ्री झोन पद्धत. 2018 मध्ये त्याचा मुलगा बडी टीममध्ये आला, आणि 2021-22 ला थोरला जिमीही कॉर्नेलहून आला. बापाच्या प्लेइंग फाइव्हमध्ये दोन्ही पोरं! त्या हिवाळ्यात आम्ही डोममध्ये, त्यांच्या स्टेडियममध्ये, गेलो होतो. बडीचे लागोपाठ दोन थ्री, लांबून टाकलेले तीन पॉइंटचे शॉट, रिंगला लागून बाहेर आले आणि मागच्या रांगेतला एकजण बायकोला म्हणाला, बाप कोच असला की नेम धरायला नको. अरे, त्या वर्षी एसीसीमध्ये, म्हणजे ह्यांच्या कॉलेज-लीगमध्ये, सामन्यामागे सर्वांत जास्त पॉइंट त्याचेच होते, 19.2. त्याच्या आधीच्या मार्चमध्ये सॅन डिएगो स्टेटला 30 आणि वेस्ट व्हर्जिनियाला 25 घालून त्याने अकराव्या मानांकनाची टीम राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत नेली होती. हे सगळं मला तोंडपाठ. पण मागे वळून बोलले नाही, पॉपकॉर्नचा कागद चुरगाळत बसले. शेजारून नवरा हळूच म्हणाला, “तुझ्याबद्दल बोलत नाहीये तो.”

मग त्याच हंगामाची एसीसी टुर्नामेंट. फ्लोरिडा स्टेटच्या पोराच्या पोटात बडीचा ठोसा बसला. पंचांनी काही दिलं नाही, कॅमेऱ्याने दाखवलं, एका सामन्याची बंदी आली. बोहाइमने सांगितलं, मुद्दाम नव्हतं, चुकून लागलं. गावभर एकच चर्चा: हे कोच बोलला की बाप बोलला? दुसऱ्या दिवशी ड्यूकपुढे बडी नाही, जिमीने 28 घातले, तरी हरले. 16 जिंकले, 17 हरले. बोहाइमच्या इतक्या वर्षांतला पहिला असा हंगाम. लोक चिडले होते. मला मात्र लाज वाटावी असा हेवा वाटत होता. माझ्या हातून तसं काही झालं असतं तर माझ्या सरांनी एसटीचं परतीचं तिकीट काढून हातात ठेवलं असतं, पंचांच्याही आधी.

तेव्हापासून मी असल्या जोड्या जमवते. हा म्हणतो, लोक पत्रिका जमवतात, तू बाप-लेक जमव. केंटकीचा सॉल स्मिथ आहे माझ्याकडे. बाप टबी स्मिथ कोच, 1998 ची चॅम्पियन टीम, त्यात हा. आणि पुढे घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. बेलरची तेव्हाची कोच किम मल्की आणि तिची मॅकेन्झी आहे, 2012 ला 40 पैकी 40 जिंकणाऱ्या टीममधली. आईची टीम, हा प्रकार निराळाच असणार. आमच्या आईला बॉल आणि फुटका माठ यांत फरक वाटायचा नाही. आई असती तर... असो.

जॉर्जिया स्टेटचा तेव्हाचा कोच रॉन हंटर कुणाला आवडणार नाही? आपली लीग जिंकल्याच्या आनंदात उडी मारून पायाची शीर तोडून घेतली, मग 2015 च्या मार्चमध्ये प्लास्टर घालून चाकाच्या स्टुलावर बसून कोचिंग. पोराने लांबून शेवटचा थ्री टाकला, 57-56, बेलर गारद, आणि बाप स्टुलावरून धाडकन खाली. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेल. बॉलकडे नाही बघत मी. स्टुलाकडे बघते.

आणि क्रेटनचा डग मॅकडरमट. बाप आयोवा स्टेटचा कोच, पोरगा त्याच गावातल्या शाळेत खेळतोय, आणि बापाला वाटलं, हा आपल्या लेव्हलचा नाही. घेतलाच नाही! पोराने नॉर्दर्न आयोवाला सही केली. 2010 मध्ये बाप क्रेटनला गेला, तेव्हा कुठे पोरगा त्याच्याकडे आला. चार वर्षांत 3,150 पॉइंट. शेवटच्या वर्षी टीममधल्या जोडीदारासाठी स्वतःची स्कॉलरशिपही सोडली. म्हणजे बापाचा अंदाज साफ चुकला आणि ती चूक चार वर्षं रोज त्याच्या नाकासमोर बास्केट टाकत होती. मला ही गोष्ट आवडते त्याचं कारण चांगलं नाही. माझेही सर असेच चुकले होते, असं मला त्यात वाचायचं असतं.

सर्वांत जास्त घोळते ती मात्र ब्लेअर शेफर. मिसिसिपी स्टेट, बाप विक कोच. 2017 ला ह्यांच्या टीमने कनेटिकटची सलग 111 विजयांची मालिका ओव्हरटाइममध्ये तोडली. पुढच्या वर्षी फायनल, नोत्र दामशी, लेकीचा शेवटचा सामना. स्कोअर बरोबरीत, आणि समोरच्या एरिके ओगुनबोवालेने सेकंदाचा दहावा हिस्सा उरला असताना कोपऱ्यातून थ्री मारला. संपलं. त्या रात्री बाप-लेक एकमेकांशी काय बोलले असतील? काही बोलले असतील का?

आम्ही नव्हतो बोललो. जिंकूनही. एसटीत पोरी कोल्हापूरपासून गात होत्या, बाबा पुढे ड्रायव्हरमागच्या सीटवर पाठमोरे, मी शेवटच्या बाकावर धक्के खात. सांगलीपर्यंत एकदा मागे वळले नाहीत. घरी आई म्हणाली, जिंकलात ना, मग तोंडं का अशी? पिठलं गरम केलं तिने. त्या विषयावर तेवढंच.

मी मात्र त्या दोन मिनिटांचं पुराण रचलं. सरांनी माझा बळी दिला. सगळ्या झोनसमोर कुणी म्हणू नये की पोरीला ढकललं पुढे, म्हणून हरिश्चंद्राने पोटची पोर बेंचवर बसवली. लग्नाआधी ह्याला पहिली सांगितलेली गोष्ट ही. धाकटीला झोपवताना सांगितली, तिच्या कॉलेजच्या निबंधातही ती घुसली. घरात सोनं फारसं नाही आमच्या, हाच एक दागिना.

आज साडेनऊला फोन लावलाच. तिकडे सकाळचे सात. दादाने उचलला, त्याच्याशी जेवढं बोलायचं तेवढं बोलले. मग बाबा.

“कोल्हापूरची फायनल आठवते? चौऱ्याण्णवची?”

“बोल की.”

“शेवटी मला का काढलंत?”

चहाचा फुर्रकन घोट. “किती वेळ राहिला होता?”

“दोन मिनिटं.”

“पुढे कोण?”

“आपण. एकाने.”

“त्यांचे टीम फाउल?”

मला कुठलं आठवायला! त्यांना आठवत होतं. ऐंशी उलटली, सकाळची गोळी घेतली का ते आठवत नाही, हे आठवतं. “भरले होते. म्हणजे पुढच्या फाउलला आपल्याला फ्री थ्रो. मागे आहेत, घड्याळ थांबवायचंय, फाउल करणारच. कुणाला करतील?”

वर्गात उभं केल्यासारखं झालं. “जिचे फ्री थ्रो पडत नाहीत तिला.”

“मग? तुझे दहातले चार. नऊ नंबरचे आठ. कोपर बाहेर जायचं तुझं.”

“म्हणजे लोक काय म्हणतील म्हणून नाही?”

“कोणते लोक?”

मग बर्फ थांबला का, विचारलं. नाही म्हटलं. मोजे घालत जा म्हणाले. ठेवला.

तेव्हापासून इथे बसलेय. आधी वाटलं, म्हातारा आत्ता जुळवून सांगतोय. पण जिमखान्याच्या भिंतीवरचा तो पुठ्ठा डोळ्यांसमोर आला. रोज प्रॅक्टिस संपली की प्रत्येकीने दहा फ्री थ्रो टाकायचे, सर लाल पेन्सिलीने आकडा लिहायचे. माझ्या रांगेत चार, तीन, चार, पाच, चार. पाच आला त्या दिवशी मी घरी जाताना भेळ खाल्ली होती. हे मला कायम माहीत होतं. फायनलला नऊ नंबरला लगेच फाउल झाला, तिने दोन्ही टाकले, तीनने जिंकलो. हेही माहीत होतं. दोन्ही शेजारी ठेवून कधी बघितलं नाही इतकंच.

बळी वगैरे काही नाही. हिशोब होता. एखाद्या परक्याच्या पोरीला काढावं तसं काढलं मला. एकतीस वर्षं मी ज्यांना हरिश्चंद्र म्हणत होते ते फक्त टक्केवारी बघत होते. हे चांगलं की वाईट, मला कळेना. बळी जाण्यात एक ऐट असते हो! दहातले चार, यात काय ऐट? ह्याला सांगितलं तर हा पोट धरून हसला. “तीस वर्षं बळी समजून मी एका फ्री थ्रो न पडणाऱ्या बाईला सहानुभूती दिली,” म्हणाला, आणि झोपायला गेला.

तरी एसटीत एकदा मागे वळून बघायला काय झालं होतं, हे राहिलंच विचारायचं. विचारलं असतं तर म्हणाले असते, गाडी लागते मला वळून बसलं की.

मघाशी ग्रुपवर लिहून टाकलं. ‘हो, सरांचीच मुलगी. अकरा नंबर. फायनलला शेवटी बाहेर होते, फ्री थ्रो पडत नव्हते म्हणून.’ त्या पिवळ्या तोंडवाल्याने अंगठा दाखवला. आणि पाच मिनिटांनी नऊ नंबरचा, जी ग्रुपवर गुड मॉर्निंगसुद्धा घालत नाही, व्हॉइस मेसेज. सात सेकंद.

हा झोपलाय, म्हणून आवाज बारीक करून कानाला लावला. आधी शिट्टी, तोंडाने वाजवलेली. मग हुबेहूब बाबा, फक्कीच्या रेषेवर उभे असलेले, “ए अकरा! कोपर आत घे, कोपर!” आणि तिच्या मागे स्वयंपाकघरात खऱ्या कुकरची एक.

चौथ्यांदा ऐकतेय. भांडी उद्या.