एबीएसचा लाईट आणि पुढचे रुंद टायर : माझा अनुभव

सोलापुरातच एक सेकंड हँड हॅचबॅक घेतली, अलॉयवाली, आधीच्या मालकाने पुढं रुंद टायर टाकलेले आणि मागं कंपनीच्याच मापाचे. गाडी दिसायला एकदम भारी, पण पुणे रोडला लागलं की मोहोळच्या अलीकडंच एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) पिवळा लाईट लागायचा. बंद करून चालू केली की जायचा, परत थोडं सरळ चाललं की हजर. गावात मात्र नवी पेठेतून आसरा चौकापर्यंत कितीही फिरवा, काही नाही.

एका गॅरेजवाल्याने स्कॅनर (चाकांचा वेग आणि बिघाडाचे कोड दाखवणारं यंत्र) न जोडता-बघताच एबीएसचं मॉड्युल, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, गेलंय म्हणून सांगितलं आणि जो आकडा सांगितला त्यात चार नवे टायर येऊन वर पैसे उरले असते. मला ते पटलं नाही, कारण मॉड्युल गेलं असतं तर लाईट फक्त हायवेला का लागेल?

मग अक्कलकोट रोडला एक चाचा आहेत, इलेक्ट्रिकलचं काम करतात, त्यांच्याकडं गेलो. ते म्हणाले, "मालक, मॉड्युलला हात लावायचा नाही, आधी चाकं काय बोलायलेत ते बघू की." स्कॅनर जोडून माझ्या हातात दिला आणि स्वतः चालवायला बसले. सरळ रस्त्यावर साठला धरून ठेवली, स्क्रीनवर मागची दोन्ही चाकं 60 आणि पुढची दोन्ही 57-58 च्या मध्ये नाचायलेत. एकच गाडी, आणि पुढची चाकं मागच्यांपेक्षा हळू!

चाचांनी गाडी बाजूला घेऊन टायरवरचे आकडे वाचायला लावले. पुढं 205/65 आर15, मागं 185/65 आर15 (185 मिलिमीटर रुंदी, 15 इंची रिम). बघायला फक्त रुंदीचा फरक वाटतो, पण तो 65 म्हणजे रुंदीच्या 65 टक्के साईडवॉल (रिमच्या बाहेरची टायरची उंची), त्यामुळं रुंदी वाढली की उंचीपण वाढते. हिशोब केला तर मागचं चाक साधारण 621 मिलिमीटर उंच आणि पुढचं 647, म्हणजे चार टक्क्याच्या वर फरक. मोठं चाक तेवढ्याच अंतरात कमी फेरे मारतं, आणि एबीएसच्या कॉम्प्युटरला टायरची उंची दिसत नाही, त्याला फक्त हबमधल्या सेन्सरचे पल्स दिसतात. ब्रेक मारल्यावर कुठलं चाक बाकीच्यांपेक्षा मागं पडलं त्यावरूनच तो चाक लॉक होतंय का ते ठरवतो, आणि इथं तर ब्रेक न मारताच दोन चाकं कायम मागं. हायवेला हा फरक सलग दिसत राहतो म्हणून तो सिस्टीम बंद करून लाईट लावतो, गावात वळणं आणि थांबणं एवढं असतं की त्याची खात्रीच होत नाही. चारही टायर 205 चे असते तर एबीएसची तक्रार बहुतेक आलीच नसती, फक्त काटा 96 दाखवताना गाडी खरी शंभरला असती.

पुढं दोन नवे 185/65 टाकले, अलाइनमेंट-बॅलन्सिंग केलं. हायवेचा लाईट गेला. पण काही दिवसांनी सात रस्त्याला वळताना परत लागला! यावेळी कोड वेगळा, पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर. चाचांनी गाडी जॅकवर घेतली, स्टेअरिंग पूर्ण उजवीकडं वळवून मला चाक हातानं फिरवायला लावलं, आणि आतली वायर बोटानं जरा ओढली की स्क्रीनवर थेट शून्य. वायरची क्लिप तुटलेली, आणि आधीचा रुंद टायर वळताना तिच्यावर घासून घासून वरचं रबर गेलेलं, आत तांबं दिसत होतं. टेप मारून भागेल का विचारलं तर नाही म्हणाले, पाणी-धूळ शिरून पावसाळ्यात परत हेच. वायरसकट सेन्सर नवीन टाकला, क्लिपपण नवीन, कोड काढले.

एक गोष्ट ज्यांच्या गाडीला सध्या लाईट लागतोय त्यांच्यासाठी, नुसता पिवळा एबीएस लागला तर साधे ब्रेक चालतात, फक्त जोरात मारल्यावर चाक लॉक होऊ शकतं म्हणून अंतर ठेवून चालवा. सोबत लाल ब्रेकचा लाईटपण लागला तर मात्र गाडी तिथंच उभी करा आणि टो करून न्या, कारण मग ब्रेक ऑईल कमी असेल किंवा पुढं-मागं ब्रेक वाटून देणारी ईबीडीपण बंद पडलेली असू शकते.

नंतर सकाळी लवकर मोकळ्या रस्त्यावर मागं कुणी नाही बघून चाळीसवरून जोरात ब्रेक मारला, पेडल पायाखाली खडखडलं म्हणजे एबीएस चाललं, गाडी सरळ रेषेत थांबली, लाईट नाही. स्टेपनीपण काढून बघितली, ती 165/80 आर14 ची निघाली. आधी धसकाच बसला, पण हिशोब केला तर उंची 620 च्या जवळ, म्हणजे चालायला हरकत नाही, तशीच ठेवली.