गोष्ट पाठ आहे, आता घर बघतेय : काळ्या-पांढऱ्या कौटुंबिक सिनेमांची नोंदवही

आषाढ

‘छोटी बहन’ (1959) पुन्हा पाहायला काढला. एल. व्ही. प्रसाद यांचा. गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांना तोंडपाठ असणार. आईबापाविना वाढलेली बहीण, तिला जिवापाड जपणारा थोरला भाऊ, पुढे तिची दृष्टी जाते आणि धाकट्या भावाची बायको घरात आल्यावर घराची घडी विसकटते. म्हणून यंदा वहीच्या पहिल्या पानावर नियमच लिहून ठेवलाय: गोष्टीमागे धावायचं नाही, घर बघायचं. ताट कोण वाढतंय, किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत, बोलणं चालू असताना जिन्याच्या वरच्या पायरीवर कोण आहे आणि खाली कोण.

नियम लिहायला काय जातंय! बलराज साहनी समोर आला की सगळं विसरायला होतं. शांतिनिकेतनात शिकवलेला, लंडनला बीबीसीत काम केलेला हा माणूस मध्यमवर्गीय थोरला भाऊ इतका खरा कसा करतो, याचं उत्तर मला त्याच्या खांद्यांत सापडलं. घरात वाईट बातमी आली की चेहऱ्याआधी त्याचे खांदे उतरतात. तेवढ्यासाठी एक प्रसंग आवाज बंद करून पाहिला. करून बघा.

पाहण्याआधी टीव्हीची सेटिंग मात्र एकदा नीट लावून घ्या, हे नव्या मंडळींना मुद्दाम सांगते. हलती चित्रं गुळगुळीत करणारी जी सोय नव्या टीव्हीत असते ती आधी बंद करा, नाहीतर मीनाकुमारीसुद्धा रोजच्या मालिकेतल्या सुनेसारखी दिसायला लागते. रंगाचा आकडा शून्यावर आणा, म्हणजे जुन्या प्रतींवरची पिवळी-निळी झाक जाते. आणि चित्र पडदाभर ताणू नका. हे सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीसाठी चित्रित झालेत. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर बरंच आहे. ताणलेल्या चित्रात नंदाचे गाल फुगतात ते वेगळंच, पण दिग्दर्शकाने दारात नेमकी बसवलेली माणसंही दाराच्या मापात राहत नाहीत.

माझ्या शेजारी बसून पाहायला आमच्या सासूबाई असतात. माहेर रामबागेतलं, सगळं आयुष्य इंदुरात. रीगल आणि मधुमिलन ही नावं माझ्यासाठी चौराह्यांची. त्यांना रीगल म्हटलं की टॉकीज आठवते, मध्यंतरातले शेंगदाणे आठवतात, बाल्कनीच्या तिकिटासाठी भावाशी झालेलं भांडणही आठवतं. सिनेमावर त्यांचं मत एका वाक्यात असतं आणि माझं पानभर. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघतं.

श्रावण

राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवसापासून गल्लीत ‘भैया मेरे राखी के बंधन को निभाना’ सुरू. म्हटलं, यातलं कोण कुठलं ते एकदा लिहून तर काढू. बहीण नंदा, म्हणजे आपल्या मास्टर विनायकांची मुलगी. तिला ‘तूफान और दिया’मधून (1956) पुढे आणलं व्ही. शांतारामांनी. थोरला भाऊ रावळपिंडीचा. दिग्दर्शक आंध्रातला. कथेचं मूळ ‘एन तंगै’ या 1952च्या तमिळ चित्रपटात. शब्द शैलेंद्रचे, चाल शंकर-जयकिशनची, आणि गळा आमच्या इंदूरच्या शीख मोहल्ल्यात जन्मलेल्या बाईचा. एवढ्या ठिकाणांहून माणसं गोळा होऊन जे घर उभं राहिलं, ते रामबागेतल्या बायकांना स्वतःचं वाटलं.

मग ‘घराना’ (1961). मद्रासच्या जेमिनी स्टुडिओच्या एस. एस. वासन यांचा, तेलुगू ‘शांति निवासम’वरून केलेला. रवीला याच्या संगीतासाठी आणि गीतकार शकीलला ‘हुस्नवाले तेरा जवाब नहीं’साठी फिल्मफेअर मिळालं. सगळ्यांना तेच गाणं आठवतं. माझं मत ‘दादी अम्मा, दादी अम्मा, मान जाओ’ला. कारण ते गाणं म्हणजे घरातल्या सत्तेचा नकाशाच आहे. रुसलेली दादी मध्ये आणि पोरं तिच्या भोवती. ज्या बाईपुढे मोठ्यांची जीभ रेटत नाही, तिची खोडी काढायची मुभा त्या घरात फक्त नातवंडांना.

दादी ललिता पवार, हे सांगायला नकोच. सासूबाई म्हणाल्या, “अगं, ही पडद्यावर आली ना, की आमच्या रांगेतल्या बाया बोटं मोडायच्या. मग घरी जाऊन तिच्यासारखंच वागायच्या.”

ललिताबाईंचा डावा डोळा तेवढा लक्ष देऊन बघा. 1942 साली ‘जंग-ए-आज़ादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जरा जोरात बसली, चेहऱ्याची नस दुखावली, बरीच वर्षं उपचारांत गेली आणि डोळा बारीक राहिला. मूकपटांच्या काळापासून काम करणाऱ्या या बाईची नायिका म्हणून कारकीर्द तिथे संपली आणि हिंदी सिनेमाला त्याची सासू मिळाली. हे सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. त्याच डोळ्याने ‘अनाड़ी’त (1959) त्यांनी मिसेस डिसा केली: तोंडाने राज कपूरला फटकारणारी, मनाने त्याची आई झालेली घरमालकीण. डोळा बारीक होतो तो कधी संशयाने, कधी हसू दाबायला. या कामाला सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. ‘घराना’ आणि ‘अनाड़ी’ लागोपाठ पाहिलेत तर दुष्ट सासू आणि मायाळू आई या दोन भूमिकांत बाईंनी किती थोडं बदललंय ते लक्षात येईल. आवाजाची पट्टी थोडी, मान थोडी, बस्स.

गणपतीनंतर

‘सुजाता’ (1959). यावर वहीतली बरीच पानं गेली.

बिमल रॉय बंगाली, कथाकार सुबोध घोष बंगाली, घर चौधरी नावाच्या बंगाली इंजिनिअरचं. आणि त्या घरातल्या बायका? सुजाता नूतन. घरची सख्खी मुलगी रमा म्हणजे शशिकला. आई चारू म्हणजे सुलोचनाबाई. सोवळं सांभाळणारी बुआजी ललिता पवार. चौघीही मराठी! सुजाता अस्पृश्य घरातली, आईबाप पटकीने गेल्यावर या घरात वाढलेली. सगळा सिनेमा एकाच गोष्टीवर उभा आहे: घरात वाढवलं, पण घरात घेतलं का?

हे बिमलदा बोलून दाखवण्यावर सोडत नाहीत, कामं वाटून दाखवतात. रमा बॅडमिंटन खेळते, नाचते, गाते. सुजाताचे हात कधी रिकामे नसतात, झाडांची निगा ठेवायची, चहा-पाणी बघायचं. कोणी तिला काम सांगत नाही, त्यामुळे छळ म्हणावा असं काही दिसत नाही. ती आपण होऊन करत असते, आणि घरालाही त्याची सवय झालेली असते. वहीत मी दोन रकाने पाडले, एक रमाचा, एक सुजाताचा, आणि प्रत्येक प्रसंगात कोण बसलंय, कोण उभं आहे ते लिहीत गेले. सुजाताचा बसलेला रकाना फार लवकर संपतो.

सुलोचनाबाईंचं काम या सिनेमात सगळ्यात अवघड आहे असं मला वाटतं. ललिताबाईंच्या बुआजीला शंकाच नाहीत, त्यामुळे ती सोपी. चारूला शंका आहेत. मुलगी जवळ आली की चेहऱ्यावर आधी माया येते, आणि तिच्या पाठोपाठ लोक काय म्हणतील ते. हा बदल दोन सेकंदांचा असतो आणि त्यात संवाद नसतो. शेवटी चारू जिन्यावरून पडते, रक्त लागतं, ते जुळतं सुजाताचं. या शेवटाला नाटकी म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला तो जिना महत्त्वाचा वाटतो. सुजाताला मनाने वर येऊ न देणारी बाई त्याच घराच्या पायऱ्यांवरून खाली येते.

आणि फोनवरचं गाणं, ‘जलते हैं जिसके लिए’. तलत गातो, सुनील दत्त रिसीव्हर धरून. पण पाहायची ती ऐकणारी. नूतन काहीच करत नाही. मान थोडी कलते, डोळे भरतात, रिसीव्हर कानाला. कॅमेरा कमल बोस यांचा. रंग नसल्यामुळे माणूस भिंतीपासून सुटा दिसायला मागून उजेड टाकावा लागतो, म्हणून या सिनेमांत केसांच्या कडेला ती उजळ रेघ दिसते. हे एकदा कळलं की डोळा आपोआप तीच शोधतो. उजेड कुठून येतोय याचा छंद लागला, तर पुढचा सिनेमा गोष्ट न कळताही पाहता येतो.

सासूबाईंचं मत? “चारू वाईट नाही गं. आपल्यात अशा किती होत्या.” या वाक्यावर आमच्यात वाद झाला आणि तो चहापर्यंत चालला. वाईट नसलेल्या माणसांनी भरलेल्या घरात एका मुलीला आयुष्यभर उभं राहावं लागतं, ते मला जास्त झोंबतं.

दिवाळीच्या आसपास

पाहुण्यांच्या गर्दीत जमेल तसं पाहिलं. ‘भाभी’ (1957), मद्रासच्या एव्हीएम स्टुडिओचा: पुन्हा बलराज साहनी, पुन्हा नंदा, वहिनी पंढरीबाई, ‘चल उड़ जा रे पंछी’ सोडून फार काही हाती लागलं नाही. ‘ससुराल’ (1961) घरजावयाचा, तेलुगू ‘इल्लरिकम’वरून. ‘मैं चुप रहूँगी’ (1962) तमिळ ‘कळत्तूर कन्नम्मा’वरून. एवढं पाहिल्यावर दिसतं की उत्तरेतलं म्हणून आपण जे एकत्र कुटुंब पडद्यावर पाहिलं, त्याची बरीच बांधणी मद्रासची.

विनोदी प्रसंग पुढे सारणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ‘ससुराल’मधले मेहमूद, शुभा खोटे आणि धुमाळ नीट बघा. बापाला तोंडावर उलट बोलणारी, स्वतःचा नवरा स्वतः ठरवणारी मुलगी या सिनेमांत हमखास याच कोपऱ्यात सापडते. मुख्य कथेत नायिका सोसत असते, तेव्हा विनोदात शुभा खोटे बापाला नाचवत असते. शुभाताई सायकल आणि पोहण्यातल्या विजेत्या, तो चपळपणा पडद्यावरही दिसतो.

थंडी

गराडू, म्हणजे आमच्याकडचा कंद, तळायचे दिवस. वर जीरावण मसाला भुरभुरायचा आणि ‘भाभी की चूड़ियाँ’ (1961) लावायचा. याच्यासाठी थांबले होते.

य. गो. जोशींची कथा, तिच्यावर शांताराम आठवल्यांचा मराठी ‘वहिनींच्या बांगड्या’ (1953), आणि त्यावरून हा हिंदी. मराठीत वहिनी सुलोचनाबाई, म्हणजे पुढे ‘सुजाता’त ज्या चारू झाल्या त्याच. हिंदीत मीनाकुमारी. दोन्हींचं संगीत सुधीर फडक्यांचं. दिराला पोटच्या पोरासारखं वाढवणारी वहिनी, एवढंच सूत्र. मीनाकुमारी म्हटलं की आपल्याला ओलावलेला आवाज आठवतो. इथे पूर्वार्धात ती चक्क प्रसन्न आहे, गृहिणीच्या कामात रमलेली.

‘ज्योति कलश छलके’ पहाटेचं. नरेंद्र शर्मांचे शब्द, बाबूजींची म्हणजे फडक्यांची चाल, लताबाईंचा गळा. राग देसकार की भूप, हा वाद आमच्याकडे दरवेळी होतो. धैवतावर, म्हणजे ‘ध’ या स्वरावर, मुक्काम कसा आहे ते ऐका, देसकारच. मात्र कोणती प्रत ऐकताय हेही बघा. माझ्या जुन्या डिस्कवर गाणं पेटीशी जुळत नव्हतं. कारण साधं आहे: सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा, आपल्याकडच्या टीव्हीसाठी तो 25नी चालवला की वेग 4 टक्के वाढतो आणि स्वर अर्ध्या सुराला थोडा कमी इतका चढतो. प्लेअरमध्ये वेग 0.96 केला, पेटी जुळली. मीनाकुमारीची चालही जरा सावकाश झाली, ते बरंच झालं.

आता बांगड्या. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर लाल आणि हिरवा बरेचदा जवळपास एकाच करड्या छटेत उतरतात, त्यामुळे नुसतं पाहून बांगड्यांचा रंग सांगता येऊ नये. मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “हिरव्याच. दुसऱ्या कशा असतील?” माझ्या शाळकरी भाचीला विचारलं तर ती म्हणाली, “मावशी, ग्रेच दिसून राहिल्या ना.” सासूबाईंना चुडा ठाऊक होता म्हणून रंग दिसला. सिनेमावाल्यांनी हे गृहीत धरूनच काम केलेलं असणार: प्रेक्षक घरून रंग घेऊन येतील. तुळशीपुढची बाई, डोक्यावरचा पदर, रिकामं कपाळ, यांतल्या कशाचाच खुलासा हे सिनेमे करत नाहीत. नव्या पिढीला ते संथ वाटतात, त्याचं एक कारण हे असावं. भाचीबरोबर पाहताना मी आता मध्ये थांबवून सांगते. तिला चीड येते ती वहिनीच्या सोसण्याची, आणि तिथे मी तिच्याच बाजूची. त्याग करणाऱ्या बाईला देव्हाऱ्यात बसवून मोकळं व्हायचं, ही या सिनेमांची खोड आहेच.

पुढचं

‘अनुराधा’ (1960) आणि ‘अनुपमा’ (1966) जोडीने पाहायचे आहेत, दोन्ही हृषीकेश मुखर्जींचे आणि दोन्हींचा कॅमेरा जयवंत पाठारे यांचा. ‘अनुपमा’त बाप मुलीला नजरेसमोर येऊ देत नाही, तेव्हा खोल्या आणि दारं कशी वापरली आहेत ते टिपायचंय. त्याच्या आधी ‘वहिनींच्या बांगड्या’ हिंदीशेजारी ठेवून पाहायचा होता, पण माझ्याकडची प्रत मध्येच कापलेली आहे, दोन गाणी आणि एक अख्खा प्रसंग गायब. कोणाकडे बरी, पूर्ण लांबीची प्रत असेल तर कळवा. सासूबाई रोज विचारतात.