आमच्या कॉलेजात मतदान होत नाही

मागच्या सत्रात आमच्या फॅकल्टी मीटिंगमध्ये एक प्रस्ताव अडला. पदवीसाठी सक्तीचे विषय कोणते असावेत, यावर एका समितीनं वर्षभर खपून मसुदा केला होता. मला तो मनापासून पटला होता आणि सभेतही जवळजवळ सगळे अनुकूल होते. मग भौतिकशास्त्र शिकवणारी एक सहकारी उठली. जी मुलं नोकरी करून शिकतात त्यांच्यावर पहिल्याच वर्षी किती भार येईल याचा यात विचार दिसत नाही, मी याला संमती देऊ शकत नाही, एवढं म्हणून ती खाली बसली. सभा काही वेळ गप्प राहिली. नंतर सभा चालवणारे प्राध्यापक, त्यांना इथे क्लार्क म्हणतात, ते म्हणाले, आपण अजून तयार नाही, विषय पुढच्या बैठकीत घेऊ. त्यावर कुणी "मतदान घ्या" म्हणालं नाही. मतदान घेण्याची सोयच इथे नाही.

मी इंडियाना राज्यातल्या रिचमंडमध्ये, अर्लहॅम कॉलेजात शिकवते. क्वेकर लोकांनी 1847 साली इथे निवासी शाळा काढली आणि 1859 साली तिचं कॉलेज झालं. क्वेकर हा ख्रिश्चन पंथ सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधला. प्रत्येक माणसात ईश्वराचा काही अंश आहे, ही त्यांची मूळ श्रद्धा. ती प्रामाणिकपणे धरली तर एका माणसाचं म्हणणं एक्कावन्न जणांच्या हातांनी दाबून टाकता येत नाही. म्हणून त्यांच्या सभा मौनानं सुरू होतात, सर्वसहमतीनं चालतात, आणि कॉलेजानंही तीच रीत उचलली. सगळ्यांचं ऐकून सभेचा कल काय दिसतो ते क्लार्क शब्दांत मांडतो, आणि ते शब्द सभेला मान्य झाले तरच निर्णय झाला असं धरतात.

सर्वसहमती म्हणजे सगळ्यांचं एकच मत, असं मात्र नाही. "मला हे पटत नाही, पण मी आड येत नाही" असं म्हणता येतं. आड यायचं असेल तर जबाबदारी मोठी असते. हे माझ्या विभागाच्या सोयीचं नाही, एवढं कारण पुरत नाही. कॉलेज ज्यासाठी उभं आहे त्याला यानं बाधा येते, हे दाखवावं लागतं. मला या व्यवस्थेचं सर्वांत जास्त कौतुक याच गोष्टीचं वाटतं. सामाईक ध्येय इथे भिंतीवरच्या पाटीवर राहत नाही, रोजच्या भांडणात ते पुरावा म्हणून मागितलं जातं. अडलेल्या मसुद्याचं तेच झालं. समितीतले दोघे आणि ती सहकारी बसले, नोकरी करणाऱ्या मुलांना एक विषय दुसऱ्या वर्षावर ढकलता येईल अशी सवलत त्यात घातली, आणि पुढच्या बैठकीत तो मंजूर झाला. नंतर "आमचा पक्ष हरला" म्हणणारं कुणी उरलं नाही. वेळ लागतो, हे खरं आहे. कधीकधी जीव मेटाकुटीला येतो इतका लागतो. तरी मी या पद्धतीच्या बाजूची आहे.

घरचे विचारतात, ख्रिश्चन कॉलेजात आहेस, तुला बाटवणार तर नाहीत ना? या प्रश्नाचा मला राग येतो. इथले बहुतेक प्राध्यापक क्वेकर नाहीत. माझ्या घरी विठोबाची तसबीर आहे, आणि मौनाच्या वेळी मी कुणाचं नाव घेते हे मला कुणीही विचारलेलं नाही. अशी सगळीच धार्मिक कॉलेजं नसतात, हेही सांगायला हवं. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात प्राध्यापकांना श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर दरवर्षी सही करावी लागते. तिथल्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका लॅरिशिया हॉकिन्स यांनी 2015 च्या डिसेंबरात मुस्लिमांबद्दल आपुलकी म्हणून हिजाब घातला आणि ख्रिश्चन व मुस्लिम एकाच ईश्वराची उपासना करतात असं लिहिलं. कॉलेजनं त्यांना काढण्याची प्रक्रिया सुरू केली. तिथल्या प्राध्यापकांच्या प्रतिनिधी मंडळानं (फॅकल्टी कौन्सिल) ती मागे घ्या असं एकमतानं सांगितलं. तरी 2016 च्या फेब्रुवारीत कॉलेज आणि हॉकिन्स वेगळे झाले. अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेनं 1940 सालच्या निवेदनात धार्मिक संस्थांना थोडी मोकळीक ठेवली आहे: धर्माच्या कारणानं अध्यापनस्वातंत्र्यावर मर्यादा घालायची असेल तर ती नेमणुकीच्या वेळीच लेखी सांगा. मला तेवढ्यानं समाधान होत नाही. ध्येय सहीनं सामाईक होत नाही. ज्यांनी ते पाळायचं त्यांनाच त्याचा अर्थ लावण्याचा हक्क असेल, तरच ते सामाईक राहतं.

अर्लहॅममध्येही शेवटचा शब्द विश्वस्त मंडळाचा असतो. पैशाचे मोठे प्रश्न आमच्या मौनातून सुटत नाहीत. पण अभ्यासक्रम, शिकवण्याची पद्धत, प्राध्यापकांची निवड आणि बढती ही मुख्यतः प्राध्यापकांची कामं आहेत, हे प्राध्यापकांच्या त्याच संघटनेच्या 1966 सालच्या निवेदनापासून या देशात तत्त्व म्हणून मान्य आहे. मंडळाला त्यात हात घालायचा तर कारणं द्यावी लागतात.

आता घरची गोष्ट. मी महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवत होते. स्टाफ मीटिंग म्हणजे प्राचार्य परिपत्रकं वाचणार, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली कुणी करायच्या ते सांगणार, आणि संस्थाचालक आले की सगळे उभे राहणार. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं महाविद्यालय विकास समितीत शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक ठेवले, त्यात किमान एक स्त्री. चांगली तरतूद आहे. पण निवडून देणारे पूर्णवेळ शिक्षक. वर्गावर तितकेच तास उभे राहणाऱ्या आमच्यासारख्यांना ना मत, ना आवाज. मी पैशासाठी गेले असं नात्यातले म्हणतात. अशा छोट्या कॉलेजांत मोठ्या विद्यापीठांएवढा पगार नसतो. मी गेले कारण मला सभेत बोलायचं होतं.

तरी "आपल्याकडे हे जमणारच नाही" असं कुणी म्हटलं की मी तिथेच थांबवते. ते आपल्याकडे झालेलं आहे, आणि तेही पुण्यात. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज. संस्था चालवणारे आजीव सदस्य म्हणजे शिकवणारेच. टिळक, आगरकर, वामन शिवराम आपटे, पुढे गोखले. गोखल्यांनी महिना 75 रुपयांवर 20 वर्षं शिकवण्याची शपथ घेतली आणि पाळली. टिळकांसमोर जेझुइट धर्मगुरूंच्या त्यागाचा आदर्श होता. आजीव सदस्यानं बाहेरची कमाई करू नये यावर ते अडून बसले, बहुमत दुसरीकडे गेलं, आणि 1890 साली त्यांनी राजीनामा दिला. मी हा भाग इथल्या सहकाऱ्यांना सांगितला तेव्हा क्लार्क बराच वेळ विचार करत होते. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे मतदान झालं नसतं तर ते राहिले असते का? मला वाटतं, राहिले असते. निदान आणखी दोन वर्षं भांडले असते, आणि ते भांडण संस्थेच्या आत झालं असतं.

दुसरं उदाहरण मी त्यांना गडचिरोलीचं दिलं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. तिथली ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही, सगळ्यांचं पटेपर्यंत बोलत राहते. त्याच ग्रामसभेनं 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. क्वेकरांचं नावही न ऐकता. आमच्या प्राध्यापकांना यावर विश्वास बसायला वेळ लागला, आणि मला ते सांगताना जो अभिमान वाटला तो मी लपवला नाही.

येत्या हिवाळ्यात मी नागपूरला येते आहे. दोन सहकारी बरोबर येणार आहेत, आणि ग्रामसभेची परवानगी मिळाली तर आम्ही मेंढ्याला जाऊ. तिथे काम केलेलं कुणी ओळखीचं असेल तर मला कळवा. परवानगी कशी मागायची, हे मला आधी समजून घ्यायचं आहे.