आमची वाटचाल : वाडीतली गावठी अंडी

गुहागर तालुक्यातील आमच्या वाडीत कोंबड्या घरोघरी होत्या. पण अंडी विकण्याइतकी कोणाकडे साठत नसत, कारण पाहुण्यांसाठी दोन आणि बाळंतिणीच्या घरी चार दिली की टोपली रिकामी होई. 2016 साली आम्ही पतिपत्नींनी 25 गावठी तलंगा (तरुण कोंबड्या) घेऊन काजूच्या बागेत मोकळ्या सोडल्या, तेव्हा रोज निदान 15 अंडी मिळतील असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात चार-पाचच मिळाली. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते आणि अंड्यांची एक पाळी संपली की खुडूक बसते, म्हणजे अंडी देणे थांबवून उबवायला बसते, हे लहानपणापासून डोळ्यांसमोर असूनही आम्ही हिशेबात धरले नव्हते.

सुरुवातीला अंडी बाजारातील एका दुकानात ठेवत असू. काही महिन्यांनी गिऱ्हाईक तक्रार करू लागले, तेव्हा चौकशीअंती कळले की आमच्या टोपलीत चहाच्या पाण्याने रंगवलेली पांढरी अंडी मिसळून विकली जात होती. त्या दिवसापासून आम्ही मध्ये कोणालाही न ठेवता घरोघरी आणि शृंगारतळीच्या बाजारात स्वतःच विक्री करतो, आणि प्रत्येक अंड्यावर ते घातल्याची तारीख पेन्सिलीने लिहितो.

अंडी आम्ही धुवून देत नाही, याचे नव्या गिऱ्हाइकांना नवल वाटते. कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो. धुतल्याने तो निघून जातो आणि कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून जंतू आत शिरू शकतात. म्हणून अंडे मुळात स्वच्छच मिळावे यासाठी खुराड्यात अंथरलेले तूस (भाताची टरफले) कोरडे ठेवणे हे आमचे खरे काम आहे, आणि कोकणच्या पावसाळ्यात ते सोपे नाही. जून ते सप्टेंबर तूस रोज हलवावे लागते, ओले झालेले तत्काळ काढावे लागते, नाहीतर उग्र वास सुटून पक्षी आजारी पडतात. कवच पातळ येऊ लागले तेव्हा तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून, कुटून त्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला आणि फरक पडला. खाद्यात सुकटीची कुटी (सुक्या मासळीचा चुरा) मात्र जपून घालतो, कारण ती जास्त झाली तर अंड्याला वास येतो.

सर्वांत मोठा फटका 2018 साली मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या रोगाने दिला. आठवड्याभरात 31 कोंबड्या गेल्या. आम्ही लस दिली नव्हती, ती चूक आमचीच होती. आता पिल्लांना या रोगावरील लशी, पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-2-बी, देतो. लशीची एक कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांना पुरते आणि एकदा पाण्यात कालवली की काही तासांतच संपवावी लागते. त्यामुळे लसीकरणाच्या दिवशी वाडीतील सर्वांनाच आपापल्या कोंबड्या घेऊन बोलावतो. शेजारच्या खुराड्यात रोग राहिला तर आपला कळप वाचत नाही. याच दिवसांतून शेजारणी आमच्याशी जोडल्या गेल्या आणि आज नऊ घरांतील अंडी आमच्या टोपलीतून जातात. त्यांना त्याच दिवशी रोख पैसे देतो, कारण अंड्यांचे पैसे हे घरातील बाईचे स्वतःचे पैसे असतात आणि ते तसेच राहावेत असे आम्हाला मनापासून वाटते.

श्रावणात मागणी घटते, पण तेव्हा पावसामुळे अंडीही कमीच असतात. मार्गशीर्षात मात्र अंडी असतात आणि अनेक घरी खाल्ली जात नाहीत. आरंभी ती आम्ही पडत्या भावाने विकली. आता ती खुडूक कोंबड्यांखाली बसवतो. 21 दिवसांनी निघालेली पिल्ले कोरड्या हवेत वाढतात, पावसाआधी अंगावर पुरती पिसे येतात आणि गणपतीला चाकरमानी गावी येईपर्यंत त्यांतील तलंगा अंड्यावर येऊ लागतात. गेल्या मार्गशीर्षात सहा कोंबड्यांखाली 66 अंडी ठेवली होती. 53 पिल्ले निघाली, त्यांतील पाच मुंगसाने नेली, आणि उरलेली सध्या काजूच्या पाचोळ्यात वाळवी उकरत आहेत.