इथे उघडणारं पुस्तक पुण्यात बंद

मी राहते त्या अमेरिकेतल्या अर्बाना गावाभोवती मैलोन्‌मैल मक्याची शेतं आहेत. इथल्याच इलिनॉय विद्यापीठात ४ जुलै १९७१ रोजी मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टाइप करून सगळ्यांसाठी खुला ठेवला. प्रोजेक्ट गुटेनबर्ग हे फुकट पुस्तकांचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं ते असं. पुढे १९९४ मध्ये अमेरिकी सरकारने डिजिटल ग्रंथालयांच्या संशोधनासाठी सहा विद्यापीठांना निधी दिला, त्यातही इलिनॉय होतं. स्टॅनफर्डच्या वाट्याच्या कामातून तर गुगल जन्मलं.

पानांचे फोटो साठवले म्हणजे ग्रंथालय झालं असं नाही. फोटोतली अक्षरं यंत्राला वाचता यायला हवीत, पुस्तकाची नोंद नीट हवी आणि कुणाला काय दाखवायचं हेही ठरवावं लागतं. मराठीचं घोडं या तिन्ही ठिकाणी अडतं. जुन्या छपाईतली जोडाक्षरं आणि पुसट रफार यंत्र हमखास चुकीचे वाचतं.

तरी मराठी पुस्तकं इथे आहेत, आणि ती कशी आली हे प्रत्येक मराठी वाचकाला माहीत असावं असं मला वाटतं. रेशनवरचा अमेरिकन गहू घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली आलेल्या त्या गव्हाचे पैसे आपण रुपयांत चुकते केले. त्याच रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवली गेली.

अशा विद्यापीठांनी २००८ मध्ये हाथीट्रस्ट हे स्कॅन केलेल्या पुस्तकांचं सामायिक डिजिटल ग्रंथालय उभं केलं. आज त्यात १ कोटी ७० लाखांहून जास्त ग्रंथ आहेत. स्वामित्वहक्कातलं पुस्तक तिथे वाचता येत नाही, पण शोधलेला शब्द कोणत्या पानावर किती वेळा आला ते कळतं. असा शोध कायदेशीर आहे, असा निकाल २०१४ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने दिला. इलिनॉय आणि इंडियाना विद्यापीठांनी मिळून उभारलेल्या संशोधन केंद्रात तर अभ्यासक लाखो पुस्तकांच्या मजकुरावर संगणकाने काम करू शकतात. एखादा शब्द लिखाणात कधी रुळला, हे त्यातून शोधता येतं.

मन खट्टू होतं ते पुढच्या गोष्टीने. १९१५ साली पुण्यात छापलेलं पुस्तक हाथीट्रस्टवर इथे बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचता येतं, कारण अमेरिकेत प्रकाशनानंतर ९५ वर्षांनी हक्क संपतो. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. प्रत्येक लेखकाचं मृत्युवर्ष कोण तपासणार? म्हणून अमेरिकेबाहेरच्या वाचकाला असं पुस्तक बहुधा बंदच दिसतं. लिहिणारा आपला, छापखाना आपला, आणि वाचायला अमेरिकेत असावं लागतं, हे मला अजिबात पटत नाही.

हे बदलेपर्यंत इंटरनेट अर्काइव्ह या फुकट संग्रहाच्या संकेतस्थळावर शोधा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या भारतातल्या प्रकल्पात स्कॅन झालेली खूप मराठी पुस्तकं तिथे फुकट आहेत. मात्र बऱ्याच नावांची नोंद रोमन लिपीत, कशीही केलेली आहे. एका स्पेलिंगने सापडलं नाही तर दुसरं, तिसरं घालून पाहा, आणि लेखकाच्या नुसत्या आडनावानेही शोधा.