तुम्ही विचारलंत म्हणून : वन बीएचके, कुत्रा, मांजर आणि दिवाळी

दसरा झाला की प्रश्न सुरू होतो. लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, सोसायटीच्या मीटिंगनंतर चहा पिताना. "घरात कुत्रा आहे, मांजर आहे, मग दिवाळीत फटाक्यांचं काय करता हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण फटाक्यांवर जरा उशिराच येते. फटाके चार दिवसांचे. त्याआधीचे पंधरा दिवस साफसफाई, फराळ, कंदील यांचे असतात, आणि मुंबईच्या चारशे फुटांच्या घरात जनावराचा जीव धोक्यात येण्याचे प्रसंग बरेचसे त्या पंधरा दिवसांतच असतात. आवाज होत नाही म्हणून तिकडे कुणाचं लक्ष जात नाही, इतकंच.

साफसफाईपासून घ्या. घरात मांजर असेल तर काळं फिनाईल नको आणि पांढरंही नको. पाण्यात ओतल्यावर दुधासारखं होणारं कुठलंही जंतुनाशक मांजराच्या वाटेत येऊ द्यायचं नाही, एवढा नियम लक्षात ठेवला तरी पुरतं. काळ्यात फिनॉलच्या जातीची रसायनं असतात, पांढऱ्यात बहुधा पाइनचं तेल. मांजराच्या यकृताला ती धड पचवता येत नाहीत. मांजर काही लादी चाटत नाही, पण ओल्या लादीवरून फिरतं आणि मग निवांत बसून पंजे चाटतं. कोमट पाण्याच्या बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, वरून साध्या पाण्याचा एक हात, आणि लादी सुकेपर्यंत मांजर आतल्या खोलीत. कामाला येणाऱ्या मावशींना हे एकदा समजावून सांगावं लागतं. त्यांना फिनाईलचा वास आल्याशिवाय लादी पुसल्यासारखी वाटत नाही. ब्लीच मात्र मांजराच्या लघवीवर कधीच टाकू नका. लघवीतल्या अमोनियाशी ते मिसळलं की घशाला झोंबणारा वायू निघतो, आणि तो तुम्हालाही सोसत नाही.

मग माळ्यावरची ट्रंक खाली येते. पैठणीच्या घड्यांतून डांबरगोळ्या टणाटण जमिनीवर पडतात, पलंगाखाली घरंगळतात. त्या बहुधा नॅफ्थलीनच्या असतात. लहान कुत्र्याला एक गोळीही भारी पडू शकते : तांबड्या रक्तपेशी फुटतात, यकृतावर ताण येतो. ट्रंक उघडायच्या आधी खोलीचं दार लावा आणि गोळ्या मोजून झाकणाच्या डब्यात टाका. मोजून अशासाठी, की एखादी कमी भरली तर शोधायची आहे हे तरी कळतं. आरतीच्या तबकातल्या कापराचंही तेच, डबी बंदच हवी.

आता खिडक्या. मला विचाराल तर मुंबईतल्या मांजरासाठी दिवाळीतली सर्वांत वाईट जागा हीच. एरवी स्लायडिंगच्या काचा जागेवर असतात, बाहेर कबुतरांची जाळी ताणून बांधलेली असते. दिवाळीत काचा धुवायला काढतात आणि कंदील टांगायला जाळीचा एक कोपरा सोडतात किंवा सरळ कापतात. चार बोटांची फट राहते. मांजराचं डोकं जिथून जातं तिथून बहुतेक वेळा अंगही जातं, आणि समोर कबूतर बसलेलं असलं की पुढचा विचार मांजर करत नाही. मांजर नेहमी चार पायांवर पडतं म्हणून त्याला काही होत नाही, हा समज खोटा आहे. वरच्या मजल्यावरून पडलेलं मांजर उठून चालायला लागलं तरी आत छातीत हवा साठलेली असू शकते, टाळू फाटलेली असू शकते, जबडा मोडलेला असू शकतो. ते लगेच डॉक्टरकडेच न्यायचं, "बरं दिसतंय" म्हणून वाट बघायची नाही.

जाळी न कापता कंदील लावता येतो. आधी होल्डरमधून बल्ब काढा. वायरचं मोकळं टोक आणि रिकामा होल्डर जाळीच्या एकाच चौकोनातून ओवा. होल्डर जात नसेल तर वायर सुटी करून पलीकडे जोडून घ्या, पण ते काम इलेक्ट्रिशियनचं. बॉक्स ग्रील असेल तर कंदील जाळीच्या आत, ग्रीलच्या वरच्या पट्टीला टांगा. रस्त्यावरून तितकाच छान दिसतो. बल्ब एलईडीच लावा, साध्या बल्बच्या उष्णतेने कागद करपतो. कोपरा सोडावाच लागला तर मांजर बाथरूममध्ये कोंडून, दाराला बाहेरून कडी घालून मगच. "मी बघत्येय ना" म्हणणारं माणूस घरात हमखास असतं आणि नेमकं तेव्हाच दाराची बेल वाजते.

कंदिलाच्या झिरमिळ्या ही वेगळी गोष्ट. माहीमच्या कंदील गल्लीतून आणलेला असो की घरी बांबूच्या काड्यांचा केलेला, वाऱ्यावर हलणारी शेपटी मांजराला खेळायला बोलावतेच. मांजराची जीभ खरखरीत, काटे आतल्या बाजूला वळलेले. एकदा दोरा जिभेवर आला की थुंकता येत नाही, गिळलाच जातो. लांब दोरा किंवा पट्टी पोटात गेली की तिचं एक टोक कुठेतरी अडकतं, आतडं त्यावर नाडीवर चुणलेल्या परकरासारखं गोळा होतं आणि फाटू शकतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही. लोंबणारा भाग तसाच ठेवून डॉक्टर गाठायचे. हार-तोरणांतल्या जरीच्या दोऱ्यांनाही हेच लागू.

फराळात दोन अडचणी असतात, एक माणसांची आणि एक जनावरांची. माणसांची अडचण म्हणजे केस. पाहुण्याने लाडू फोडला आणि आत पांढरा केस निघाला तर तो कुणाचा हे सांगावं लागत नाही. बेसन भाजताना केस पडत नाही, तो पडतो गार होताना. बेसन मंद आचेवर अर्धा-पाऊण तास भाजायचं, मग साखर घालण्याजोगं कोमट व्हायला तास-दोन तास ठेवायचं. गरम असताना पिठीसाखर घातली तर ती विरघळते आणि लाडू बसतात, म्हणून ही वाट बघणं टळत नाही. या वेळात पंखा लावला की संपलंच. पंखा बंद, परातीवर मलमलचं ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं, आणि परात ओट्यावर न ठेवता बंद कपाटात किंवा बंद खोलीत. चिवडा गार करायला वर्तमानपत्रावर पसरतात त्यालाही हेच. कुत्र्याला फराळाच्या आदल्या दिवशी बाल्कनीत दहा मिनिटं ब्रश करा. त्याच दिवशी नको, कारण सुटे झालेले केस संध्याकाळपर्यंत घरात तरंगत राहतात.

तळणीच्या वेळी मांजर स्वयंपाकघराबाहेर, दार बंद. दार नसेल, अनेक घरांत नसतंच, तर मांजर बेडरूममध्ये. कुत्र्याला आधी तासभर फिरवून आणलं की चकलीचे दोन घाणे तरी शांतपणे होतात.

जनावरांची अडचण म्हणजे बेदाणे. रव्याच्या लाडवावर दाबलेला, करंजीच्या सारणात लपलेला, चिवड्यात सापडणारा. द्राक्ष आणि बेदाणे-मनुके यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. वाईट हे, की किती चालतात याचा भरवसा नाही : एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा अगदी थोड्यानेही दगावतो. उलट्या पहिल्या दिवसात होतात, मूत्रपिंडांचा त्रास एक ते तीन दिवसांत कळतो, तोवर हातची वेळ गेलेली असते. म्हणून कुत्र्याच्या घरात बेदाणा आणायचाच नाही, लाडवावर बदामाचा काप लावायचा. आजी-काकू म्हणतील, बेदाण्याशिवाय रव्याचा लाडू कसा दिसतो. दिसू दे.

बाकी फराळ एकेका वाक्यात. चिवड्यातला तळलेला कांदा, लसणीची शेव, कांदा-लसूण घातलेलं काहीही दोघांनाही नको. त्याने तांबड्या पेशी मोडतात आणि हिरड्या फिक्या पडणं, लघवी गडद होणं हे काही दिवसांनी दिसतं, तोवर चिवडा खाल्ल्याचं कुणाच्या ध्यानातही नसतं. भेट आलेल्या बॉक्समधलं चॉकलेट, त्यातही डार्क, वाईट. मधुमेही पाहुण्यांसाठी आणलेल्या शुगर-फ्री मिठाईत झायलिटॉल आहे का ते वाचा. कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने झपाट्याने खाली येते. शंकरपाळी आणि चकली विष नव्हे, पण तुपा-तेलाचा मारा झाला की स्वादुपिंडाला सूज येते, आणि पाडव्याच्या दिवशी कुत्रा पाठ वाकवून, पोट आखडून उभा राहतो.

काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. उलटी होईलच असं नाही, आणि रक्तातलं मीठ वाढून नवीनच संकट उभं राहतं. काय खाल्लं, अंदाजे किती, किती वाजता आणि जनावराचं वजन किती, या चार गोष्टी कागदावर लिहून निघा. पहिल्या दोन तासांत पोहोचलात तर डॉक्टर सुरक्षितपणे उलटी काढू शकतात. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला तुमचे डॉक्टर दवाखाना उघडणार आहेत का, हे वसुबारसेच्या आधी विचारून ठेवा, आणि नसतील तर परळच्या बैलघोड्याच्या (जनावरांच्या) हॉस्पिटलात कोणत्या वेळी कोण असतं तेही. पॅरासिटामॉल मांजराला कधीही नाही. एक गोळी जीव घ्यायला पुरते.

"मग त्यांना काहीच नाही का?" हाही प्रश्न येतो, लहान मुलांकडून तर नक्की. कुत्र्यासाठी १ वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा आणि १ अंडं. मीठ, साखर, सोडा काही नाही. भोपळ्याला पाणी सुटतं म्हणून पीठ थोडं हाताशी ठेवा. चपातीपेक्षा जाड लाटा, शंकरपाळ्यासारखं कापा, मंद तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी कोरडं होईपर्यंत भाजा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतं. मध्यम चणीच्या कुत्र्याला दिवसाला चार-पाच तुकडे, आणि तेवढं जेवण कमी. मांजराला भोपळ्याशी देणंघेणं नाही. काटे काढलेला, बिनमिठाचा उकडलेला मासा दोन चमचे. दिवाळीत घरात मासे शिजत नसतील तर आधीच उकडून फ्रीजरमध्ये ठेवा.

आता फटाके. फटाक्याचा आवाज फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या वर जाऊ नये असा नियम आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ आखून दिली. प्रत्यक्षात मुंबईत तयारी दोन वेळांची करावी लागते : लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ आणि नरक चतुर्दशीची पहाट. संध्याकाळ सगळ्यांच्या लक्षात राहते. पहाटेला, अभ्यंगस्नानाच्या सुमारास, कुत्रा नेमका खाली फिरायला असतो आणि कुणाचा तरी सुतळी बॉम्ब फुटतो. पट्ट्यातून मान काढून पळालेला कुत्रा हायवेपर्यंतही जातो. त्या चार दिवसांत गळ्यातल्या पट्ट्याबरोबर छातीवरचा हार्नेसही घाला, दोन्हीला दोरी, आणि पट्ट्यावर फोन नंबर. चतुर्दशीच्या आदल्या रात्री उशिरा एक चक्कर मारून आणा, म्हणजे पहाटे तातडी राहत नाही. मग उजाडल्यावर सातनंतर निघा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चारला फिरवणं, साडेपाचला जेवण.

लपायची जागा त्यालाच निवडू द्या. लोक बाथरूम सुचवतात. बऱ्याच इमारतींत बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीत, उघडते आणि डक्टमध्ये आवाज घुमतो. पॅसेज किंवा पलंगाखालची जागा बरी. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर त्याची भीती वाढते, असं अजून सांगितलं जातं. तसं होत नाही, तो जवळ आला तर खुशाल घ्या. फार घाबरणाऱ्यांना औषध लागतं आणि त्यात कमीपणा नाही, पण ते दोन-तीन आठवडे आधी विचारायचं आणि एखाद्या साध्या दिवशी देऊन बघायचं. जुन्या पद्धतीची एक गुंगीची गोळी, एसिप्रोमाझिन, शरीर ढिलं करते पण भीती कमी करत नाही. कुत्रा पडून राहतो, आतून घाबरलेलाच असतो. डॉक्टरांनी नुसती तीच लिहून दिली तर दुसरं काही आहे का, हे जरूर विचारा.

किरकोळ गोष्टी. उटणं जनावराला लावू नका, ते चाटून काढतात. कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडलं की लगेच उचला. कुत्र्याला तो चेंडू वाटतो, आणि ते कडूजहर पोटात गेलं की उलट्या. पणत्या जमिनीवर नकोत, पाणी घातलेल्या परातीत उंचावर ठेवा, तरी मांजराच्या शेपटीवर नजर हवी. फुलांच्या भेटीत लिली असेल तर ती मांजराच्या घरात दाराबाहेरूनच परत : पराग अंगावर पडून चाटले गेले तरी मूत्रपिंडं जातात. भाऊबीजेला माणसं सतत ये-जा करतात, तेव्हा सेफ्टी डोअर उघडं टाकून गप्पा मारायच्या नाहीत.

पाडव्याच्या सकाळी रस्त्यावर अर्धवट जळलेले फटाके असतात. कुत्रा ते हुंगतो, चाटतो, म्हणून दोरी आखूड धरा आणि घरी आल्यावर पंजे धुवा. कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत राहतो, काहींकडे त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. तो उतरवताना जाळीची गाठ पुन्हा सुटते. मांजर पुन्हा बाथरूममध्ये, बाहेरून कडी, आणि नवी गाठ बांधून झाली की चारही कोपरे हाताने ओढून बघा.