उद्या कळेलच सगळ्यांना : माझा अनुभव

इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात, म्हणजे काम नीट जमत असूनही आपण लायक नाही आणि कधीतरी पकडले जाऊ असं वाटत राहणं, त्याचा हा माझा अनुभव. मी कळव्याला राहते, ऑफिस महापेला. कळव्याहून ठाणे, मग नऊ-दहा नंबरवरून वाशी नाहीतर पनवेल लोकल, घणसोलीला उतरून शेअर रिक्षा. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये अकरा वर्षं झाली. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग पॉलिटेक्निकला डिप्लोमा, मग डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयर. हे आधीच सांगते कारण माझ्या डोक्यात माझ्याच विरुद्ध जो खटला चालायचा त्यात हेच सगळे पुरावे असायचे.

दोन वर्षांपूर्वी मला टीम लीड केलं. घरी पेढे आले, सासूबाईंनी देवापुढे ठेवले, शेजारी वाटले, आणि मी रात्री दोन वाजता टक्क जागी. एकच विचार, की यांचा काहीतरी घोळ झालाय, हे पद दुसऱ्या कोणाचं होतं, आणि उद्या नाहीतर परवा कळेलच सगळ्यांना. मग सुरू झालं ते म्हणजे प्रत्येक ईमेल पाच-पाच वेळा वाचायचा, रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअर क्लायंटला द्यायचा दिवस, जवळ आला की टीमने केलेल्या सगळ्या तपासण्या (टेस्ट केसेस) घरी येऊन परत स्वतः रन करायच्या, क्लायंट कॉलला न कळलेलं काहीही विचारायचं नाही, नंतर गुपचूप शोधायचं. दोनदा तर डेमो माझा होता आणि मी घसा बसलाय सांगून तो सहकाऱ्याला दिला. रिलीज छान गेला, कोणी कौतुक केलं, तर वाटायचं, एवढं मरमर काम केल्यावर कोणालाही जमलं असतं. आणि एकदा सासरे हॉस्पिटलमध्ये होते, तयारी अशी काही झालीच नाही, तरी रिलीज नीट गेला, तेव्हा म्हणलं नशीब. म्हणजे कसंही झालं तरी माझ्या नावावर काही जमाच होत नव्हतं.

हे असंच्या असं कोणीतरी आधीच लिहून ठेवलंय हे मला समुपदेशकांनी सांगितलं. त्यांच्याकडे नवऱ्यानेच नेलं, नौपाड्यात. ठाण्यात हे तसं सोपं आहे असं मला मनापासून वाटतं, मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून इथे आहे, त्यामुळे मनाच्या तक्रारीसाठी कोणाकडे जाणं आपल्या शहरात फार लपवायची गोष्ट राहिलेली नाही. तर मॅडम म्हणाल्या की १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बायकांनी दीडशेहून जास्त यशस्वी स्त्रियांसोबतच्या कामावरून यावर पेपर लिहिला. १९७८, म्हणजे आपलं गडकरी रंगायतन उभं राहिलं ते साल, इतकं जुनं आहे हे. त्यांनी याला सिंड्रोम म्हटलंच नव्हतं, 'इम्पोस्टर फिनॉमेनन' म्हणजे तोतयेपणाचा अनुभव म्हटलं होतं, आणि मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत हा आजार म्हणून नाहीये. पुढे पुरुषांमध्येही हेच दिसलं. क्लान्स यांनी नंतर यातलं चक्रही मांडलं, काम आलं की घाबरायचं, मग एकतर अति तयारी नाहीतर टाळाटाळ, काम झालं की थोडा वेळ सुटल्यासारखं वाटतं, आणि मग अति तयारी केली असेल तर श्रेय कष्टाला, टाळाटाळ केली असेल तर नशिबाला. हे ऐकताना मला रडू आलं. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि काही न बोलता बसून राहिल्या, ते मला फार बरं वाटलं.

मॅडमची पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची, आरईबीटी, विवेकनिष्ठ उपचार म्हणतात मराठीत. कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून हे आपल्याकडे आणलं. यात शब्द पकडतात. मी म्हणायचे 'लीडला सगळं यायलाच पाहिजे', त्या म्हणायच्या 'यावं असं वाटतं' म्हणा आणि बघा काय फरक पडतो. सुरुवातीला मला ही शब्दांची खटपट वाटली. पण 'यायलाच पाहिजे' म्हणताना छातीत जे आवळायचं ते 'यावं' म्हणताना खरंच सैल व्हायचं.

मग त्यांनी एक गृहपाठ दिला, हासुद्धा एलिसचाच, की लोकलमध्ये येणाऱ्या स्टेशनांची नावं मोठ्याने सांगायची. लोक बघतील, बघू द्यायचं, आणि आपलं काय होतं ते पाहायचं. पहिले आठ दिवस तोंडच उघडलं नाही. मग एका मंगळवारी लेडीज डब्यात दाराजवळ उभी राहून म्हणाले, दिघा गाव! ऐरोली! रबाळे! हात थंड, कानशिलं तापलेली. चार-पाच जणींनी वळून बघितलं आणि परत मोबाइलमध्ये गेल्या. एक मावशी मात्र उठून जवळ आल्या, 'बरं वाटत नाहीये का गं बाळा, पाणी देऊ?' बस, एवढंच. घणसोली मी जरा हळू म्हणाले, पण म्हणाले.

एक गोष्ट मात्र मला मुद्दाम सांगायची आहे, कारण याबद्दल बोलताना लोक ती सोडून देतात. माझी सगळीच भीती खोटी नव्हती. एपीआय ऑटोमेशन, म्हणजे हाताने न करता प्रोग्राम लिहून तपासणी करणं, मला खरंच येत नव्हतं. मॅडमनी दोन रकाने करायला लावले, एकीकडे 'मला हे येत नाही' आणि दुसरीकडे 'मी लायक नाही'. पहिल्यात चार ओळी आल्या, दुसऱ्यात पान भरलं, आणि त्या पानाला आधार काय विचारल्यावर एकही गोष्ट सांगता आली नाही. चार ओळींचं काम केलं, शनिवारी सकाळी दोन-दोन तास बसून पाच महिन्यांत ऑटोमेशन शिकले. आणि आधीच्या एका कंपनीत माझ्या इंग्लिशला मीटिंगमध्ये हसायचे, तो दोष माझा नव्हता, हेही त्याच वहीत लिहिलं. सगळं बाईच्या डोक्यातलं आहे असं म्हणून ऑफिसांनी हात झटकू नयेत.

पण खरी हलले ते वेगळ्याच कारणाने. टीममध्ये मुरबाडकडची एक मुलगी आली, पहिलीच नोकरी, तीही मराठी मीडियमची. एकदा डबा खाताना म्हणाली, 'ताई, तुम्हाला कधी काही अडतच नाही, मला नाही वाटत मी इथे टिकेन.' घास तसाच राहिला. मी एवढी वर्षं माझं न येणं लपवत होते आणि ते बघून ही पोरगी स्वतःला कमी समजत होती.

पुढच्या क्लायंट कॉलला पेमेंट रिवर्सलचा एक भाग समजला नाही. मी म्यूट काढला आणि सरळ म्हणाले, मला हे कळलं नाही, परत सांगाल का. आवाज कापत होता. दोन सेकंद शांतता, मग डेव्हलपमेंटमधला एक जण म्हणाला की मलाही नाही कळलं, मग अजून एक. समजावताना क्लायंटच्याच लक्षात आलं की डॉक्युमेंटमधून एक स्टेप सुटली होती.

कॉल संपल्यावर त्या मुलीने तिची वही माझ्याकडे सरकवली. मागच्या पानावर नऊ प्रश्न, तीन महिन्यांपासून साठवलेले. जेवायच्या आधी आम्ही चार सोडवले. दोन मलाही येत नव्हते, ते पुढच्या कॉलला विचारायचे म्हणून लिहून ठेवले, आणि त्यातला एक तीच विचारणार आहे.